हस्तसंकेतांचे यांत्रिक आकलन

मनुष्य बोलत असताना त्याचे हात सहसा स्वस्थ राहत नाहीत. तो वाट दाखवितो, वस्तूचा आकार सांगतो, नको म्हणतो, बोलावतो, निरोप देतो. आणि ह्यांतील पुष्कळसे व्यवहार शब्दावाचूनही पार पडतात. समोरच्या माणसास हे हातवारे समजून घेण्यास काही श्रम पडत नाहीत, आणि म्हणूनच ते समजणे ही काही बिकट क्रिया आहे असे कोणाच्या मनात येत नाही. यंत्रास हातवारे ओळखावयास शिकविण्याचा प्रयत्न सुरू झाला तेव्हा मात्र ह्या साध्या क्रियेच्या पोटी किती निरनिराळे निर्णय दडलेले आहेत ते दिसून आले. हात कोठे आहे, तो हातच कशावरून, त्याची बोटे कशी वळलेली आहेत, संकेत केव्हा सुरू झाला व केव्हा संपला, आणि मुळात तो संकेत होता की डोके खाजविण्यासाठी उचललेला हात होता, ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यंत्रास स्वतंत्रपणे द्यावे लागते.

कळफलक, माउस किंवा बटणे ह्यांच्यावाचून, केवळ हाताच्या हालचालीने संगणक व दूरचित्रवाणीवरील खेळ चालविण्याची साधने गेल्या काही दशकांत बाजारात आली. त्यांपैकी काही अफाट लोकप्रिय झाली, काही थोड्याच वर्षांत मागे पडली. ही साधने कोणत्या तत्त्वावर चालतात, ती कोठे अडखळतात आणि त्या अडखळण्याचा भार कोणावर पडतो, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हस्तमुद्रा आणि हस्तगती

प्रथम दोन गोष्टींतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. हात व बोटे एका विशिष्ट आकारात स्थिर धरणे ही हस्तमुद्रा होय. हात ठरावीक मार्गाने हलविणे ही हस्तगती होय. प्रत्यक्षातील बहुतेक संकेत ह्या दोहोंच्या संयोगाने बनतात. भारतीय परंपरेस हा विचार नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताचे २४ आणि दोन्ही हातांच्या संयोगाचे १३ हस्त वर्णिलेले आहेत. पण ‘पताक’ ह्यासारखा एकच हस्त तो कोठे धरला व कसा हलविला ह्यानुसार अनेक अर्थ व्यक्त करतो. म्हणजे आकारांची यादी केल्याने अर्थांची यादी होत नाही. यंत्रापुढील पहिली अडचण नेमकी हीच आहे.

दुसरी अडचण हाताच्या रचनेतून उद्भवते. मनुष्याच्या एका हातात २७ अस्थी असतात. अभ्यासक सामान्यतः हाताचे वर्णन सुमारे २७ स्वतंत्र राशींनी करतात. मनगटाचे अवकाशातील स्थान आणि त्याचा कल सांगण्यास सहा राशी लागतात. उरलेल्या बोटांच्या व अंगठ्याच्या सांध्यांसाठी असतात. ह्या सर्व राशी एकाच वेळी, सेकंदात अनेकदा, मोजता आल्या तर हाताची स्थिती यंत्रास पूर्णपणे कळली असे म्हणता येईल. तथापि आजवरच्या बहुतेक साधनांनी त्यांतील थोड्याच राशी मोजल्या व उरलेल्यांविषयी अनुमान केले. कोणत्या राशी मोजावयाच्या आणि कोणत्या सोडून द्यावयाच्या, ह्या निवडीवरच प्रत्येक साधनाचे यशापयश अवलंबून राहिले.

हातावर बसविलेली साधने

सर्वांत सरळ उपाय म्हणजे मोजमापाचे साधन हातावरच बसविणे. १९७७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील प्रयोगशाळेत ‘सेअर ग्लव्ह’ ह्या नावाचा हातमोजा तयार झाला. त्याच्या बोटांवर लवचिक नळ्या बसविलेल्या असून नळीच्या एका टोकास प्रकाशाचा उगम व दुसऱ्या टोकास प्रकाश मोजणारा घट होता. बोट वाकले की नळी वाकते आणि दुसऱ्या टोकास पोहोचणारा प्रकाश कमी होतो. त्यावरून बोट किती वाकले ते कळते. ह्याच विचाराची सुधारलेली आवृत्ती म्हणजे टॉमस झिमरमन व जॅरन लॅनियर ह्यांच्या व्हीपीएल रिसर्च ह्या संस्थेचा ‘डेटाग्लव्ह’ होय. त्यात नळ्यांऐवजी काचतंतू वापरलेले होते. मात्र हा हातमोजा महाग होता व प्रयोगशाळांपुरताच राहिला.

१९८९ साली निन्टेन्डोच्या खेळयंत्रासाठी ‘पॉवर ग्लव्ह’ ह्या नावाचा स्वस्त हातमोजा अमेरिकेत मॅटेल कंपनीने विक्रीस आणला. त्यात काचतंतूंच्या जागी विद्युत्‌वाहक शाईच्या पट्ट्या होत्या. पट्टी वाकली की तिचा विद्युत्‌रोध बदलतो. हाताचे स्थान शोधण्यासाठी मानवी कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा उपयोग केलेला होता. मोज्यावरील दोन उगमांपासून निघालेला ध्वनी दूरचित्रवाणी संचावर ठेवलेल्या तीन ग्राहकांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, त्यावरून अंतर काढले जाई. करंगळीच्या हालचालीचे मापन त्यात नव्हते आणि इतर बोटांचे वाकणेही फक्त चार पायऱ्यांत मोजले जाई. कल्पना उत्तम होती, पण मापन इतके ढोबळ होते की खेळाडूस आपला हात यंत्राच्या मर्जीप्रमाणे ताठ व सावकाश हलवावा लागे.

२००६ साली निन्टेन्डो कंपनीने ‘वी’ ह्या खेळयंत्राबरोबर निराळाच मार्ग पत्करला. बोटांचा विचार सोडून देऊन तिने खेळाडूच्या मुठीत एक लहान दांडी दिली. ह्या दांडीत तीन दिशांचे त्वरण मोजणारा सूक्ष्म त्वरणमापक होता. सिलिकॉनच्या नाजूक स्प्रिंगांवर तोललेले अतिसूक्ष्म वस्तुमान दांडी हलताच मागे राहते, त्यामुळे शेजारच्या पट्टिकांमधील विद्युत्‌धारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. रॅकेट फिरविल्यासारखी दांडी फिरविली की पडद्यावरचा खेळाडू चेंडू परतवितो, हे पाहून लहान मुले व वृद्ध माणसेही ह्या खेळाकडे ओढली गेली. ‘वी’ यंत्राची एकूण विक्री १० कोटींहून अधिक झाली.

परंतु त्वरणावरून हाताचे स्थान काढता येते असा समज कोणी करून घेऊ नये. त्वरणाचे कालानुसार एकदा संकलन केले म्हणजे वेग व दुसऱ्यांदा केले म्हणजे स्थान मिळते, हे तत्त्वतः खरे आहे. मात्र मापनातील लहानशी चूकही ह्या दुहेरी संकलनात वाढत जाते. चूक गुरुत्वीय त्वरणाच्या शंभराव्या भागाएवढीच आहे असे धरले, तर एका सेकंदानंतर स्थानातील चूक सुमारे ५ सेंटिमीटर होते. दहा सेकंदांनंतर ती सुमारे ५ मीटर होते, म्हणजे हात शेजारच्या खोलीत असल्याचे यंत्रास वाटू लागते. त्याखेरीज दांडी तिरपी धरली आहे की बाजूस ढकलली आहे, हा भेद केवळ त्वरणमापकास नीट करता येत नाही, कारण गुरुत्वाकर्षणही त्यास त्वरणाप्रमाणेच भासते. म्हणून ‘वी’च्या दांडीच्या टोकास अवरक्त प्रकाश पाहणारा एक लहान कॅमेरा बसविलेला होता आणि संचाजवळच्या पट्टीवरील अवरक्त दिवे पाहून दांडी पडद्याकडे कोठे रोखली आहे ते ठरविले जाई. २००९ साली तीस कोनीय वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपची जोड देण्यात आली.

चेंडू परतविण्याच्या खेळात यंत्र प्रत्यक्षात हाताचा मार्ग पाहत नसून झटक्याचा आकार पाहत होते. खेळाडूंच्या ते लवकरच ध्यानात आले. संपूर्ण हात फिरविण्याची गरज नाही, कोचावर बसून मनगटास हिसका दिला तरी चेंडू परत जातो, हे कळल्यावर अनेकांनी तसेच खेळावयास आरंभ केला. यंत्राने माणसाची हालचाल ओळखावी हा हेतू होता. व्यवहारात यंत्रास ओळखता येईल तेवढीच हालचाल माणसाने करावी, असे घडले.

दुरून पाहणारे यंत्र

हातावर काहीही न चढविता केवळ पाहून हात ओळखावयाचा, हा दुसरा मार्ग. मायरन क्रूगर ह्या अमेरिकी संशोधकाने सत्तरच्या दशकात आरंभलेल्या ‘व्हिडिओप्लेस’ ह्या रचनेत माणसाची छायाकृती कॅमेऱ्याने टिपून पडद्यावरील चित्रांशी तिचा संबंध जोडलेला होता. २००३ साली सोनी कंपनीने आपल्या खेळयंत्रासाठी ‘आयटॉय’ हा कॅमेरा आणला. ह्या साधनांचा मुख्य आधार चित्रात काय बदलले, कोठे हालचाल झाली, हा होता. पण साध्या चित्रात हात आणि त्याच्या मागील भिंत ह्यांतील सीमारेषा रंगावरून ठरते. आणि रंग हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. दिवा बदलला, सावली पडली, लाकडी कपाट हाताच्या रंगाचे निघाले किंवा हाताचा वर्ण रचनाकाराने गृहीत धरलेल्या वर्णाहून निराळा असला, की सीमारेषा हरवते.

ही अडचण दूर करावयाची तर रंगाऐवजी अंतर मोजावयास हवे. ज्या चित्रातील प्रत्येक बिंदू रंग न सांगता ‘येथील वस्तू इतकी दूर आहे’ एवढेच सांगतो, त्यास अंतरचित्र म्हणता येईल. अंतरचित्रात भिंतीपासून पुढे आलेला हात अंधारातही वेगळा उठून दिसतो, मग त्याचा वर्ण कोणताही असो. घरगुती वापराच्या यंत्रात हे साध्य झाले ते मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘किनेक्ट’मुळे. २००९ च्या जून महिन्यात त्याची घोषणा झाली आणि ४ नोव्हेंबर २०१० रोजी ते उत्तर अमेरिकेत विक्रीस आले. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लक्ष संच खपले.

किनेक्टचे अंतरमापन इस्राएलमधील प्राइमसेन्स ह्या कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीवर आधारलेले होते. यंत्रातील एक लहान लेसर खोलीभर अवरक्त ठिपक्यांचे जाळे फेकतो. शेजारीच काही सेंटिमीटरांवर असलेला कॅमेरा ते ठिपके पाहतो. जवळच्या वस्तूवर पडलेला ठिपका कॅमेऱ्यास एका बाजूस अधिक सरकलेला दिसतो, दूरच्या वस्तूवरचा कमी. डोळ्यांसमोर बोट धरून एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटला असता बोट मागील भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते, तसाच हा प्रकार आहे. सरकण्याच्या प्रमाणावरून त्रिकोणमितीने अंतर निघते, आणि अशी तीस अंतरचित्रे यंत्रास दर सेकंदास मिळतात.

चित्रबिंदूपासून सांध्यापर्यंत

अंतरचित्र मिळाले तरी त्यात डोके कोणते व हात कोणता हे यंत्रास कळत नाही. ह्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी योजलेली रीत २०११ साली प्रसिद्ध झाली. ती ह्या विषयातील एक महत्त्वाची पायरी असल्यामुळे थोड्या विस्ताराने पाहणे उचित होईल.

त्यांनी शरीराचे ३१ भाग कल्पिले आणि प्रत्येक चित्रबिंदूस एकच प्रश्न विचारला : तू ह्यांपैकी कोणत्या भागाचा आहेस? उत्तर काढण्यासाठी अत्यंत साध्या कसोट्या वापरल्या. एखादा बिंदू घ्यावा, त्यापासून ठरावीक अंतरावर, समजा वरच्या बाजूस, दुसरा बिंदू पाहावा आणि दोहोंच्या अंतरांतील फरक काढावा. वरचा बिंदू एकदम दूरच्या भिंतीवर पडला तर मूळ बिंदू शरीराच्या वरच्या कडेस, कदाचित डोक्यावर आहे. डावीउजवीकडे दोन्ही बाजूंस भिंतच लागली तर तो एखाद्या अरुंद अवयवावर, कदाचित हातावर आहे. माणूस दूर उभा असला तर चित्रात तो लहान दिसतो. म्हणून किती दूरचा बिंदू पाहावयाचा ते त्या बिंदूच्या अंतराच्या प्रमाणात कमी केले जाते.

अशी एक कसोटी फारसे काही सांगत नाही. परंतु एका कसोटीच्या उत्तरावर दुसरी कसोटी, तिच्या उत्तरावर तिसरी, अशी वीस पायऱ्यांपर्यंत साखळी रचली म्हणजे तिचा निर्णयवृक्ष होतो. आणि असे अनेक वृक्ष मिळून एक वन होते. ओळखीच्या खेळात वीस प्रश्नांत मनातील वस्तू काढतात, त्यातलाच हा प्रकार; फरक इतकाच की कोणता प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावा हे माणसाने ठरविलेले नसून यंत्राने उदाहरणांवरून शिकलेले असते. ह्या शिक्षणासाठी दहा लक्ष चित्रे वापरण्यात आली, व ती प्रत्यक्ष माणसांची छायाचित्रे नव्हती. अभिनेत्यांच्या नोंदलेल्या हालचाली घेऊन संगणकाने निरनिराळ्या उंचीच्या व बांध्याच्या आकृतींची अंतरचित्रे स्वतः तयार केली. अंतरचित्रात कपड्यांचा रंग, त्वचेचा वर्ण, भिंतीवरील नक्षी ह्यांपैकी काहीच नसते; त्यामुळे अशी कृत्रिम चित्रे खऱ्यासारखी करणे सोपे जाते. अंतर मोजण्याचा हा दुसरा व कमी लक्षात येणारा लाभ होय.

प्रत्येक बिंदूने आपले मत दिल्यावर ज्या भागाची मते जेथे दाट असतील तेथे त्या भागाचा सांधा मानला जातो. ही सर्व क्रिया खेळयंत्रावर एका चित्रामागे पाच सहस्रांश सेकंदांहून कमी वेळात होई. शिवाय प्रत्येक चित्राचा निर्णय मागील चित्रांवर अवलंबून नसल्यामुळे माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला तरी यंत्र गोंधळत नसे.

ह्या रीतीने खांदा, कोपर, मनगट व हात ह्यांची स्थाने उत्तम प्रकारे मिळत. बोटे मात्र मिळत नसत, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. किनेक्टची आडवी दृष्टी सुमारे ५७ अंशांची होती. दोन मीटरांवर हा कोन सुमारे २·२ मीटर रुंदी व्यापतो. खेळासाठी वापरलेल्या अंतरचित्रात आडवे ३२० बिंदू असत; म्हणजे एका बिंदूच्या वाट्यास सुमारे ७ मिलिमीटर आले. दीड सेंटिमीटर रुंदीचे बोट अशा चित्रात जेमतेम दोन बिंदूंएवढे होते. एवढ्याशा पुराव्यावर बोट वाकले की सरळ आहे हे ठरविणे शक्य नाही. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या किनेक्टमध्ये प्रकाशास जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढण्याची पद्धत होती. दोन मीटर जाऊन येण्यास प्रकाशास सेकंदाचा सुमारे साडेसात कोट्यांशावा भागच लागतो, म्हणून हा वेळ सरळ न मोजता प्रकाशाची तीव्रता लयीने कमीजास्त करून परतलेल्या लयीतील मागेपुढेपणा मोजतात. ह्या यंत्रास हाताची मूठ मिटलेली आहे की उघडी, एवढे ओळखता येऊ लागले.

संकेत केव्हा सुरू झाला?

हात सापडला तरी संकेत सापडतोच असे नाही. हावभावांचे अभ्यासक अॅडम केंडन ह्यांनी हातवाऱ्याचे तीन टप्पे दाखविले आहेत : हात तयारीत येणे, मुख्य आघात, व हात परत विसावणे. बघणाऱ्या माणसाचे लक्ष आपोआप मधल्या टप्प्यावर जाते. यंत्रापुढे मात्र अखंड वाहणारी हालचाल असते व तिचे तुकडे त्यानेच पाडावयाचे असतात. शिवाय एकच संकेत कोणी अर्ध्या सेकंदात करतो, कोणी दोन सेकंदांत. म्हणून नमुन्याच्या कालरेषेस रबरी पट्टीप्रमाणे ठिकठिकाणी ताणून किंवा दाबून ती समोरील हालचालीशी जुळते का ते पाहण्याची रीत वापरतात. किंवा संकेत हा काही अवस्थांचा क्रम मानून एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यता शिकवितात. ह्या दुसऱ्या रीतीने थाड स्टार्नर व अॅलेक्स पेंटलंड ह्यांनी १९९५ साली अमेरिकी संकेतभाषेतील ४० शब्द, ठरावीक रचनेच्या वाक्यांत, कॅमेऱ्याने ओळखून दाखविले.

ह्याहून कठीण प्रश्न आहे तो ‘संकेत नाही’ हे ओळखण्याचा. सेकंदास तीस चित्रे धरली तर तासाला १,०८,००० चित्रे होतात. दर हजार चित्रांमागे एकदाच यंत्राची चूक होते असे मानले, तरी तासाभरात शंभरावर वेळा नको असलेली क्रिया घडेल. ज्यास स्पर्श करील ते सोने होईल असा वर मिळालेल्या मिडास राजाची कथा प्रसिद्ध आहे. त्याच्या नावाने ही अडचण ओळखली जाते. त्यावर उपाय म्हणून किनेक्टमध्ये आरंभी हात हलवून यंत्राचे लक्ष वेधावे लागे व एखादी गोष्ट निवडण्यासाठी हात तिच्यावर काही क्षण स्थिर धरावा लागे. चुका कमी झाल्या, पण बटण दाबण्यास लागणाऱ्या क्षणाच्या जागी दीर्घ ताटकळणे आले. शिवाय हात अधांतरी धरून ठेवल्याने दंड लवकरच भरून येतो.

मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या खेळयंत्रास किनेक्ट जोडणे प्रथम सक्तीचे केले होते. घरातील कॅमेरा सदैव जागा राहणार ह्या कल्पनेस विरोध झाल्यावर त्याच वर्षी ती सक्ती मागे घेण्यात आली, पुढील वर्षी किनेक्टवाचून यंत्र विकले जाऊ लागले, आणि २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. त्यातील तत्त्व मात्र संपले नाही. प्राइमसेन्स कंपनी २०१३ साली अॅपलने विकत घेतली होती, आणि अवरक्त ठिपक्यांनी चेहरा ओळखण्याची सोय २०१७ च्या आयफोनमध्ये आली.

बोटांच्या दिशेने

बोटे पाहावयाची तर यंत्राने हाताजवळ यावयास हवे. २०१३ साली विक्रीस आलेले ‘लीप मोशन’ हे साधन काडीपेटीहून थोडे मोठे होते. ते मेजावर ठेवीत व त्यातील दोन अवरक्त कॅमेरे वरच्या बाजूस धरलेले हात पाहत. गूगल कंपनीने ‘सोली’ ह्या प्रकल्पात कॅमेराच सोडून दिला आणि ६० गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या रडार लहरी वापरल्या. अंगठा तर्जनीवर घासण्याची हालचाल, जी दुरून कॅमेऱ्यास दिसणे दुरापास्त, ती ह्या लहरींना जाणवते. महाराष्ट्रात बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवीत मोजण्याची जी रीत घरोघरी आहे, ती ह्याच जातीची हालचाल होय. परंतु २०१९ साली हे रडार बसविलेला पिक्सेल ४ हा दूरध्वनी भारतात विक्रीस आलाच नाही, कारण त्या कंप्रतेच्या वापरास येथे मोकळीक नव्हती.

सध्या प्रचलित असलेली रीत साध्या कॅमेऱ्याकडेच परत आलेली आहे. अंतर मोजण्याऐवजी लक्षावधी उदाहरणांवर शिकविलेली न्यूरल नेटवर्क ही गणिती रचना रंगीत चित्रातूनच हात शोधते. गूगलच्या ‘मीडियापाइप’ ह्या मोफत उपलब्ध असलेल्या प्रणालीत प्रथम तळहात शोधला जातो, कारण बोटांच्या मानाने तो घट्ट व स्थिर आकाराचा असतो. मग त्या भागात हाताचे २१ बिंदू ठरविले जातात. हे काम आता सामान्य दूरध्वनीवरही होते. ह्या रीतीतही एक बोट दुसऱ्याआड गेले म्हणजे आडचे बोट दिसत नाही, केवळ अनुमानिले जाते. नमस्कारासाठी दोन्ही तळवे जुळले की दोन हातांची एकच आकृती होते आणि यंत्र पुष्कळदा गडबडते. मनुष्यास जो संकेत सर्वांत स्पष्ट, तोच यंत्रास सर्वांत संदिग्ध वाटावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अर्थ कोणाचा, चूक कोणाची

ह्या साधनांचा उपयोग खेळापुरता नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी निर्जंतुक केलेल्या हातांनी शल्यविशारदास कळफलकास स्पर्श करता येत नाही; रुग्णाची चित्रे पुन्हा पाहावयाची तर दुसऱ्यास सांगावे लागते किंवा हात पुन्हा निर्जंतुक करावे लागतात. टोरांटो येथील सनीब्रुक रुग्णालयात २०११ च्या सुमारास किनेक्टच्या साहाय्याने, स्पर्शावाचून, ही चित्रे पाहण्याची सोय करण्यात आली. येथे संकेत मोजके असतात, ते शिकून घेण्यास वापरणारा तयार असतो, आणि दुसरा मार्ग त्याहून गैरसोयीचा असतो. जेथे ह्या तीन अटी पुऱ्या होतात तेथे हस्तसंकेत यशस्वी झालेले दिसतात. दिवाणखान्यात हाताशी बटण असताना ते मागे पडले, ह्यात नवल नाही.

संकेतांचा अर्थ सर्वत्र सारखा असतो हे गृहीतकही तपासून पाहण्याजोगे आहे. उभा अंगठा म्हणजे ‘पसंत’ असे अनेक प्रणालींत धरलेले असते. मराठीत ‘अंगठा दाखविणे’ ह्याचा अर्थ नकार देणे किंवा फसविणे असा आहे. नव्या पिढीस दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. पण यंत्रात अर्थ घालणाऱ्याने एकाच समाजाचे हातवारे नैसर्गिक मानले, तर इतरांना आपले हात भाषांतरित करून वापरावे लागतात. हाताच्या आकाराचेही तसेच आहे. २१ बिंदूंची रचना पाच बोटांचा पूर्ण हात गृहीत धरते. कारखान्यातील प्रेसवर बोट गमावलेला कामगार ह्या यंत्रापुढे उभा राहिला तर यंत्र त्याच्या हातावर नसलेल्या बोटाचे बिंदूही मांडते. ‘असा हात मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय त्या रचनेत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न कर्णबधिरांच्या भाषेचा आहे. हातमोजे घालून संकेतभाषेचे बोलीत रूपांतर करणारी यंत्रे वेळोवेळी जाहीर होतात व त्यांचे कौतुक होते. २०१६ साली अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांच्या अशा हातमोज्यांस पारितोषिक मिळाले, तेव्हा संकेतभाषेच्या अभ्यासकांनी व कर्णबधिरांनी त्यावर आक्षेप घेतला. आणि तो आक्षेप शास्त्रीय आहे. संकेतभाषा ही बोलभाषेच्या शब्दांची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्न भुवयांनी दर्शविला जातो, नकार मस्तकाच्या हालचालीने येतो, उल्लेखिलेल्या व्यक्तींना समोरच्या अवकाशात जागा नेमून दिल्या जातात व क्रियापद एका जागेकडून दुसरीकडे जाते. हातमोज्यास ह्यांतील काहीच कळत नाही. शिवाय असा मोजा घालण्याचे कष्ट कर्णबधिराने करावयाचे, आणि त्याची सोय ऐकणाऱ्यास व्हावयाची, अशी ही विभागणी आहे.

भारतात नवी दिल्ली येथे २०१५ साली भारतीय संकेतभाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० आणि २०२१ साली १०,००० संकेत समाविष्ट होते. यंत्रास शिकविण्यास हा पाया मोलाचा आहे. परंतु शब्दकोशातील सुटा संकेत आणि संभाषणातील वाहता संकेत ह्यांत, उच्चारून दाखविलेला शब्द आणि बाजारात कानी पडणारे बोलणे ह्यांइतके अंतर असते. प्रत्यक्ष संभाषणाचे नमुने, निरनिराळ्या प्रदेशांतील व वयांच्या कर्णबधिरांकडून, त्यांच्या संमतीने व सहभागाने गोळा झाल्यावाचून यंत्राचे आकलन शब्दापलीकडे जाणार नाही.

ह्या विषयाची प्रगती सहसा ओळखीच्या शेकडेवारीने मोजली जाते. शंभरांपैकी पंचाण्णव संकेत बरोबर, असे म्हटले की काम बहुतांशी संपल्यासारखे वाटते. पण उरलेले पाच कोणाचे, हे ती शेकडेवारी सांगत नाही. ते निरनिराळ्या माणसांत विखुरलेले असतील तर प्रत्येकास थोडासा त्रास होईल. ते एकाच प्रकारच्या हातांचे, एकाच प्रदेशाच्या किंवा एकाच भाषेच्या लोकांचे असतील, तर त्यांच्यापुरते ते यंत्र बंदच आहे. म्हणून संकेत ओळखणाऱ्या कोणत्याही प्रणालीची परीक्षा करताना ती किती वेळा बरोबर ठरते ह्याबरोबरच, ती चुकते तेव्हा हात कोणास बदलावा लागतो, हेही विचारले पाहिजे. यंत्रास हात दिसू लागला आहे. तो कोणाकोणाचा दिसतो, हे पाहणे अद्याप उरले आहे.